घराण्याची शुगर : रक्तातून येते की चुलीतून?

"आमच्या घरात सगळ्यांनाच शुगर आहे, मलाही होणारच." वस्तीतल्या कुठल्याही आरोग्य शिबिरात हे वाक्य कानावर पडते. त्याच रांगेत दुसरा कुणी छाती पुढे काढून म्हणतो, "आमच्या सात पिढ्यांत कुणाला नाही, मला कुठून होणार?" गंमत अशी की ही दोन्ही माणसे बोटाला सुई न टोचून घेताच घरी जातात. एक घाबरून, दुसरा निर्धास्त होऊन. दोघांचीही समजूत एकच असते : आजार रक्तातून येतो, आणि रक्तात आहे ते टळत नाही.

यात खरे किती आणि खोटे किती, हे गेल्या वीस-पंचवीस वर्षांत संशोधकांनी बरेच उलगडले आहे. ते समजून घेण्यासाठी आपल्याला जवळच्या एका आजारापासून सुरुवात करू.

विदर्भातल्या वाचकांना सिकलसेल सांगावा लागत नाही. १९५८ साली नागपूरच्या डॉक्टरांनी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात मध्य भारतातल्या सिकलसेलची नोंद केली. तेव्हापासून विदर्भातल्या आदिवासी जमातींबरोबर आपल्या समाजाचेही नाव या आजाराशी जोडले गेले आहे. तो होतो कशामुळे? आपल्या पेशींमध्ये डीएनए नावाची एक लांबलचक वही असते. तिच्यात साधारण तीनशे कोटी अक्षरे आहेत, पण मुळाक्षरे चारच : ए, टी, जी आणि सी. या वहीच्या दोन प्रती आपल्याकडे असतात, एक आईकडून आलेली, एक बापाकडून. शरीराने काय बनवायचे, किती बनवायचे, हे त्यात लिहिलेले असते. अशा सूचनेच्या एकेका परिच्छेदाला जनुक म्हणतात. माणसात प्रथिने बनवणारी जनुके सुमारे वीस हजार आहेत.

मराठीत एक अक्षर बदलले की 'पाणी'चे 'वाणी' होते. तसेच इथे होते. रक्तातले हिमोग्लोबिन बनवणाऱ्या जनुकात एका ठिकाणी 'ए'च्या जागी 'टी' आले, की तांबड्या पेशी गोल राहण्याऐवजी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि माणूस वेदनेने तळमळतो. एकाच प्रतीत हा बदल असेल तर माणूस 'वाहक' असतो. वाहक म्हणजे रोगी नव्हे. तो काम करतो, खेळतो, संसार करतो. दोन्ही प्रतींत बदल असेल तरच आजार होतो. आई-बाप दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक बाळंतपणात मूल आजारी निघण्याची शक्यता चारांत एक. पहिले मूल आजारी निघाले म्हणजे पुढची तीन सुटली, असा हिशेब नसतो. प्रत्येक वेळी पत्ते नव्याने पिसले जातात.

हे अक्षर टिकून का राहिले? १९५४ मध्ये अँथनी अ‍ॅलिसन यांनी आफ्रिकेत दाखवून दिले, की सिकलसेलच्या वाहकांना मलेरियापासून बऱ्यापैकी संरक्षण मिळते. जिथे हिवतापाने लेकरे मरत होती, तिथे हे अक्षर एका प्रतीत असलेली लेकरे जगली आणि त्यांची वंशवेल वाढली. म्हणजे सिकलसेल हे मागच्या जन्मीचे पाप नाही, कुणाचा कोप नाही आणि 'हलक्या रक्ताची' खूण तर मुळीच नाही. मलेरियाच्या मुलखात जगून-तगून राहिलेल्या माणसांची ती खूण आहे. तरीही वाहक निघालेल्या मुलीचे लग्न मोडते आणि वाहक निघालेल्या मुलाचा रिपोर्ट घरचे लपवतात. ज्यांनी पत्रिका जुळवणे सोडले त्यांच्या घरात तरी हे होऊ नये. वधू-वर मेळाव्यात शिक्षण, नोकरी, घर विचारतोच, तसे सिकलसेल तपासणीचे कार्डही विचारावे, आणि दोघांचेही विचारावे. एक वाहक आणि एक निरोगी, या जोडीला सिकलसेलचे मूल होत नाही. दोन वाहकांनी मात्र लग्नाआधी, निदान गरोदरपणाआधी, डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

पण शुगर, बीपी, हार्ट अटॅक हे सिकलसेलसारखे एका अक्षराचे आजार नाहीत. खरा घोटाळा इथेच होतो. आपण सिकलसेलचा नियम शुगरला लावतो.

घरात शुगर चालत येते, हे डॉक्टरांना पूर्वीपासून ठाऊक होते. पण घरातली माणसे एकाच चुलीवरचे खातात, तोच साखरेचा चहा पितात, त्याच गल्लीत, त्याच काळजीत जगतात. मग रक्ताचा वाटा किती आणि चुलीचा किती? यासाठी आधी जुळ्यांकडे पाहिले गेले. हुबेहूब सारख्या दिसणाऱ्या जुळ्यांची डीएनएची वही जवळपास एकच असते, वेगळ्या दिसणाऱ्या जुळ्यांची निम्मीच सारखी असते. दोन्ही जोड्या एकाच घरात वाढतात. हुबेहूब जुळ्यांत एकाला शुगर झाली की दुसऱ्याला होण्याचे प्रमाण वेगळ्या जुळ्यांपेक्षा जास्त आढळले. म्हणजे रक्ताचा वाटा आहे. पण हुबेहूब जुळ्यांतही पुष्कळदा एकाला होते आणि दुसऱ्याला होत नाही. म्हणजे रक्त हेच सर्वस्व नाही.

हा वाटा वहीच्या कुठल्या पानावर आहे, हे शोधायला मात्र संपूर्ण वही वाचावी लागली. १९९० मध्ये सुरू झालेला मानवी जनुकांचा तो मोठा प्रकल्प २००३ मध्ये पूर्ण झाला. कुठल्याही दोन माणसांच्या वह्या ताडून पाहिल्या तर हजारात साधारण एकच अक्षर वेगळे निघते. ब्राह्मण असो, बौद्ध असो, जर्मन असो, जपानी असो. उरलेली नऊशे नव्याण्णव सारखीच. संशोधकांनी लक्ष घातले ते त्या एका वेगळ्या अक्षरावर.

रीत ऐकायला सोपी आहे. एका बाजूला हजारो रुग्ण, दुसऱ्या बाजूला हजारो निरोगी माणसे. प्रत्येकाच्या वहीतली लाखो ठिकाणे तपासायची आणि पाहायचे, कुठले अक्षर रुग्णांच्या रांगेत जास्त वेळा दिसते. २००७ मध्ये ब्रिटनमध्ये असा एक मोठा अभ्यास झाला. सात आजारांचे प्रत्येकी सुमारे दोन हजार, म्हणजे चौदा हजार रुग्ण, तीन हजार इतर माणसे, आणि प्रत्येकाची सुमारे पाच लाख ठिकाणे. यात एक खोच आहे. नाणे पुष्कळ वेळा उडवले की कधीतरी सलग सात वेळा छापा पडतोच. वीस ठिकाणे तपासली तर एखादे योगायोगानेच 'दोषी' दिसेल. पाच लाख तपासली तर तसली खोटी पंचवीस हजार निघतील! म्हणून संशोधकांनी कसोटी फार कडक ठेवली : योगायोगाने असे घडण्याची शक्यता दोन कोटींत एकापेक्षा कमी असेल, तरच ते ठिकाण मान्य. शिवाय दुसऱ्या देशातल्या, दुसऱ्या लोकांतही तेच आढळले पाहिजे. वर्तमानपत्रात 'लठ्ठपणाचे जनुक सापडले' असा मथळा वाचला की ही चाळणी आठवावी.

शुगरच्या बाबतीत या चाळणीतून निघालेले सर्वांत ठळक नाव टीसीएफ७एल२. हे २००६ मध्ये आइसलँडमधल्या संशोधकांना सापडले. पुढच्याच वर्षी हैदराबादच्या सीसीएमबी या संस्थेतले डॉ. गिरिराज चांडक आणि पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने भारतीय रुग्णांत तेच तपासले, आणि इथेही ते खरे निघाले. या जनुकातला बदल स्वादुपिंडाच्या इन्शुलिन सोडण्याच्या क्षमतेवर परिणाम करतो.

आता आकडा नीट पाहू. बदललेल्या एका प्रतीने धोका साधारण १.४ पट होतो. '४० टक्के जास्त धोका' असे छापले की छातीत धस्स होते. पण समजा एखाद्या ठिकाणी शंभरातल्या दहा जणांना शुगर होते. ती बदललेली प्रत असलेल्या शंभरांत मग चौदा जणांना होईल आणि शहाऐंशी जणांना होणार नाही. शुगरच्या सगळ्या सापडलेल्या जनुकांतले हे सर्वांत जोरदार, आणि त्याची ताकद एवढीच. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात जगभरातल्या पंचवीस लाखांहून अधिक माणसांची माहिती एकत्र केली, तेव्हा शुगरशी जोडलेली ६११ ठिकाणे निघाली. बहुतेकांचा वाटा चिमूटभर. आपल्या प्रत्येकाच्या वहीत यातली काही वाईट आणि काही चांगली अक्षरे असतातच. "आमच्या सात पिढ्यांत नाही" म्हणणाऱ्याकडेही असतात. त्याच्या आजोबांनी दिवसभर अंगमेहनत केली म्हणून ती अक्षरे गप्प राहिली असतील. नातू दिवसभर खुर्चीत बसतो आणि संध्याकाळी वडापाव खातो.

मग होणारच का? अमेरिकेत शुगरच्या उंबरठ्यावर असलेल्या तीन हजारांहून अधिक लोकांवर एक प्रयोग झाला. आठवड्याला दीडशे मिनिटे चालणे आणि वजन सात टक्के कमी करणे, एवढेच एका गटाला सांगितले आणि करवून घेतले. शुगर होण्याचे प्रमाण ५८ टक्क्यांनी घटले. २००६ मध्ये याच लोकांचे टीसीएफ७एल२ तपासले. दोन्ही प्रती वाईट असलेल्यांना शुगर जास्त होत होती. पण चालणाऱ्या गटात तो फरक बराचसा पुसला गेला होता. आपल्याकडे चेन्नईत डॉ. रामचंद्रन यांनी असाच प्रयोग केला, तिथे आहार आणि चालण्याने शुगरचे प्रमाण सुमारे २८ टक्क्यांनी घटले. अमेरिकेपेक्षा कमी, पण औषधाविना. हृदयविकाराचेही तसेच. २०१६ मधल्या एका मोठ्या अभ्यासात जनुकांमुळे सर्वांत जास्त धोका असलेल्यांपैकी जे विडी-सिगारेट ओढत नव्हते, वजन आवरत होते, नीट खात होते, हालचाल करत होते, त्यांचा धोका तसे न जगणाऱ्यांच्या जवळजवळ निम्मा होता.

जनुकांच्या शोधातून औषधेही निघतात. २००३ मध्ये फ्रान्समध्ये काही कुटुंबे सापडली, ज्यांचे कोलेस्टेरॉल लहानपणापासूनच प्रचंड होते. त्यांच्यात पीसीएसके९ नावाचे जनुक नको तेवढे जोरात चालत होते. अमेरिकेतल्या डलासमध्ये हेलन हॉब्स आणि जोनाथन कोहेन यांनी प्रश्न उलटा विचारला : हे जनुक बंदच पडलेली माणसे आहेत का? होती. काळ्या अमेरिकनांत शंभरांत दोन-अडीच जण अशी निघाली. त्यांचे वाईट कोलेस्टेरॉल २८ टक्क्यांनी कमी होते आणि हृदयविकार तब्बल ८८ टक्क्यांनी कमी. त्यांना काही त्रासही नव्हता. त्यावरून हे प्रथिन अडवणारी इंजेक्शने तयार झाली आणि २०१५ मध्ये त्यांना मान्यता मिळाली. आपल्या खिशाला ती परवडत नाहीत हे खरेच. पण ज्या समाजाला गोऱ्या डॉक्टरांनी पिढ्यान्‌पिढ्या दुय्यम मानले, त्याच समाजातल्या माणसांच्या रक्तात साऱ्या जगाच्या हृदयावरचा इलाज सापडला, ही गोष्ट आपल्या मुलांना जरूर सांगावी.

जनुकात न लिहिलेला वारसा

'घराण्यातून आले' म्हणजे 'जनुकातून आले' असे नेहमीच नसते. याज्ञिकांनी पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर बायांचा अभ्यास केला. तिथली बाळे सरासरी सुमारे २ किलो ७०० ग्रॅमची, इंग्लंडमधली साडेतीन किलोची. पण आपल्या बाळांचे स्नायू रोडावलेले होते आणि चरबी मात्र फारशी कमी नव्हती. दिसायला बारीक, आतून चरबीदार. अशी बाळे मोठी झाल्यावर त्यांना शुगरचा धोका अधिक असतो. स्वतः याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश मित्र यांचे वजन-उंचीचे प्रमाण अगदी एकच होते, पण मोजल्यावर ब्रिटिशाच्या अंगात ९ टक्के चरबी निघाली आणि याज्ञिकांच्या २१ टक्के. त्यांचा तो शेजारी-शेजारी काढलेला फोटो जगभर गाजला. हॉलंडमध्ये १९४४-४५ च्या हिवाळ्यात नाझींनी अन्न तोडले. तेव्हा पोटात असलेल्या बाळांचीही पन्नाशीत साखर बिघडलेली आढळली.

म्हणजे आजीने उपाशीपोटी दुसऱ्याच्या शेतात राबून आईला जन्म दिला आणि आईने अर्ध्या भाकरीवर आपल्याला, तर त्याचाही हिशेब आपल्या अंगात कुठेतरी उतरतो. डॉक्टरांच्या कागदावर त्याला 'फॅमिली हिस्टरी' म्हणतात. तो वारसा डीएनएच्या अक्षरांचा नाही, भाकरीच्या वाटपाचा आहे. म्हणून घरातल्या गरोदर सुनेला शेवटी आणि उरलेसुरले वाढण्याची रीत ही फक्त अन्यायाची नाही, नातवाच्या शुगरचीही आहे.

बाबासाहेबांनी १९१६ मध्ये सांगितलेली गोष्ट

९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात बाबासाहेबांनी जातीवर निबंध वाचला. जातीचे मूळ जातीतल्या जातीत लग्न लावण्यात आहे, ही त्यातली मुख्य मांडणी. शंभर वर्षांनी डीएनए तेच बोलते आहे. सीसीएमबी आणि हार्वर्डच्या संशोधकांनी २०१३ मध्ये दाखवले, की साधारण चार हजार ते एकोणीसशे वर्षांपूर्वीपर्यंत या देशातले लोक आपसात भरपूर मिसळत होते आणि त्यानंतर ती दारे बंद झाली. २०१७ च्या दुसऱ्या अभ्यासात दक्षिण आशियातले २६० हून अधिक समूह तपासले. त्यातल्या ८१ समूहांत बंद दाराचा परिणाम इतका खोल निघाला, की युरोपात यासाठी प्रसिद्ध असलेल्या फिनलंडच्या लोकांनाही त्यांनी मागे टाकले. काही पूर्वजांचीच अक्षरे पुन्हा पुन्हा एकत्र येतात, आणि दोन वाईट प्रती एकाच मुलात पडण्याची शक्यता वाढते. आंध्रातल्या वैश्य समाजात भूल देण्याचे एक विशिष्ट औषध काहींना उतरतच नाही, ते यामुळेच. वरची जात, खालची जात असा भेद यात नाही. कुंपण घालणाऱ्यालाही कुंपण लागते.

आपल्याकडे मामाच्या मुलीशी लग्न अजून ठरते. आते-मामे भावंडांच्या डीएनएचा साधारण आठवा हिस्सा एकच असतो. शुगर-बीपीवर याचा परिणाम फारसा दिसत नसला, तरी सिकलसेल, थॅलेसेमियासारख्या दोन प्रतींच्या आजारांवर दिसतो. तिथे विचार करावा.

आता थोडे सावधपणाचे. २०१६ पर्यंत जगात झालेल्या अशा अभ्यासांत भाग घेतलेल्यांपैकी ८१ टक्के युरोपीय वंशाचे होते. त्यांच्यावरून बेतलेला धोक्याचा आकडा आपल्याला तंतोतंत बसत नाही. म्हणून ऑनलाइन मिळणारी, थुंकी पाठवून 'तुमचे भविष्य' सांगणारी महागडी डीएनए तपासणी शुगर-बीपीसाठी करू नका. त्या पैशात घरातल्या सगळ्यांची साखर कितीतरी वेळा तपासून होईल. भारतीयांची माहिती भारतात गोळा व्हावी म्हणून 'जीनोम इंडिया' प्रकल्पात दहा हजार माणसांचे डीएनए वाचले गेले, ती माहिती २०२५ मध्ये संशोधकांसाठी खुली झाली. हे व्हायलाच हवे. आपण त्यात नसलो तर आपल्यासाठी औषधही निघणार नाही.

पण रक्त कुणी मागितले तर विचारून द्यावे. अमेरिकेतल्या हवासुपाई या आदिवासी जमातीने १९९० पासून शुगरच्या अभ्यासासाठी रक्त दिले. पुढे कळले, की तेच रक्त मानसिक आजार आणि त्यांच्या पूर्वजांचा मूळ मुलूख शोधण्यासाठी न विचारता वापरले गेले. ते कोर्टात गेले. २०१० मध्ये अ‍ॅरिझोना राज्य विद्यापीठाने सात लाख डॉलर भरपाई दिली आणि नमुने परत केले. जमातीने ते आदराने घरी नेले. तेव्हा सहीचा कागद मराठीत मागा. रक्त कशासाठी घेता, किती वर्षे ठेवणार, दुसऱ्याला देणार का, रिपोर्ट आम्हाला मिळणार का, हे विचारा. विचारल्याने उपचार बंद करता येत नाहीत. तपासणीचे रक्त वेगळे आणि संशोधनाचे रक्त वेगळे, हेही लक्षात ठेवा.

आणि एक वही करा. साधी, शाळेची. आजी-आजोबा, आई-वडील, काका, आत्या, मामा, मावशी, भावंडे. कुणाला काय झाले आणि कितव्या वर्षी, एवढेच लिहा. वय सर्वांत महत्त्वाचे. ऐंशीव्या वर्षी आलेल्या अटॅकला फारसा अर्थ नाही. पण घरातल्या पुरुषाला पंचावन्नच्या आत किंवा बाईला पासष्टच्या आत आला असेल, तर मुलांचे कोलेस्टेरॉल लवकर तपासावे. साधारण अडीचशे-तीनशे माणसांत एकाला जन्मतःच कोलेस्टेरॉल वाढवणारे एकच जोरदार जनुक असते, आणि त्यावर साध्या गोळ्या आहेत. घरात पन्नाशीच्या आत स्तनाचा कॅन्सर झाला असेल, अंडाशयाचा झाला असेल किंवा पुरुषाला स्तनाचा झाला असेल, तर मात्र जनुक तपासणीचा खरोखर उपयोग आहे. मुंबईत टाटा मेमोरियलमध्ये त्यासाठी वेगळा विभाग आहे. हा दोष बापाकडूनही येतो, म्हणून आत्या आणि बापाकडची आजी वहीतून गाळू नका. बायकांच्या आजाराची नोंद घरात कुणी ठेवत नाही, 'पोटात गाठ होती' एवढेच उरते. जाणत्या माणसांना विचारून घ्या, ती आहेत तोवर.

शुगर आणि बीपीची तपासणी तिशीनंतर सरकारी आयुष्मान आरोग्य मंदिरात मोफत होते. आई किंवा वडिलांना शुगर असेल आणि कमरेचा घेर पुरुषाचा ९० सेंटिमीटर, बाईचा ८० सेंटिमीटरच्या वर गेला असेल, तर तिशीची वाट पाहू नका. सुईकाम करणाऱ्या ताईंकडची टेप चालेल. ती बेंबीच्या पातळीवर धरायची, पोट आत न ओढता. जाताना वही बरोबर न्या. डॉक्टरांना वेळ कमी असतो, पण पान समोर ठेवले की ते वाचतात.